रेघारेघांचं फूल

"शेडवाले, ते अजून उभंच आहे?"

मोठ्या बाईंनी कुंपणावरून मान काढून विचारलं, तेव्हा भावजी बादली उपडी घालून त्या फुलाच्या पुढ्यात बसले होते. चक्क आडोसा करून. पाठ रुंद होती खरी, पण फूल त्यांच्या खांद्याच्या बाजूनं डोकावत होतंच. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं होय? ज्या माणसानं सगळा जन्म कोंबड्यांत काढला, त्याला तरी हे कळायला नको?

"कुठलं?" भावजी म्हणाले.

"कुठलं काय! ते पांढऱ्या रेघांचं. तुमच्या मागचं."

"हां. ते होय."

"असं दिसलं की तोंडात घास घालायच्या आधी उपटायचं, हे तुम्हीच मला शिकवलंत ना?"

भावजी मातीतला एक खडा उचलून तो निरखून बघायला लागले. शेवटी मीच खिडकीतून ओरडले, "बाई, चहा टाकलाय. येताय का?" त्या नको म्हणाल्या, पण कुंपणापासून हलल्या नाहीत.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एका मोठ्या पोल्ट्रीत शेडांवर देखरेख करण्यात त्यांची नोकरी सरली, म्हणून अख्खी गल्ली त्यांना शेडवाले म्हणते. मोठ्या बाई शेजारच्या. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता घरी असतात, पण आवाज अजून प्रार्थनेच्या रांगेतलाच आहे. आणि मी ह्या घरात आले ती ताईचं डोकं बिघडायला लागल्यावर.

डोकं बिघडलं असं म्हटलेलं भावजींना चालत नाही. "विसरते," ते म्हणतात. गॅस बंद करायला विसरते, आंघोळ झाली की नाही ते विसरते, इथपर्यंत मीही विसरते म्हणेन. पण स्वतःचा नवरा समोर बसलेला असताना मला स्वयंपाकघरात ओढून नेऊन "हा माणूस किती दिवस राहणार आहे गं आपल्याकडे?" असं विचारणाऱ्या बाईला काय म्हणायचं? मी आयुष्यभर बसच्या तिकीट खिडकीत बसले. सुट्ट्या पैशांवरून रोज शंभर जणांशी भांडले. माझ्या जिभेला हाड नाही असं माझी सख्खी आई म्हणायची. पण ह्या प्रश्नावर मी नुसता ओटा पुसत राहिले.

तो सगळा हिवाळा असाच गेला. ताईच्या लेखी भावजी कधी नळ दुरुस्त करणारे, कधी डॉक्टर, कधी कुठल्या तरी गावाहून आलेले आणि परत जायचं नाव न घेणारे पाहुणे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाद घालू नका, ती म्हणेल त्याला हो म्हणा. मीही सांगून थकले. पण भावजी ऐकतील तर शपथ! "अगं, मी! मी आहे मी!" असं म्हणत तिच्यासमोर उभे राहायचे. लग्नाचा फोटो भिंतीवरून काढून तिच्या मांडीवर ठेवायचे. फोटोतल्या मुलाला ती ओळखायची, अगदी लाजून हसायची त्याच्याकडे बघून. मग मान वर करून ह्या टक्कल पडलेल्या म्हाताऱ्याकडे बघायची आणि घाबरायची. एकदा तर तिनं हात झटकून टाकला त्यांचा, आणि रडायला लागली. भावजी फोटो घेऊन मागच्या अंगणात जाऊन बसले. मला राग आला होता, पण त्यांचा चहा मी तिथंच नेऊन दिला. 

मागच्या अंगणात त्यांचे ट्यूलिप असतात. असायचे. ह्या थंड डोंगरगावात घर घेतलं त्या वर्षी एक पिशवीभर कंद त्यांनी आणले होते, गडद लाल रंगाचे, आणि त्याच कंदांची पिलावळ आजवर वाढवली. दुसरा रंग म्हणून कधी लावला नाही. फुलं सरली, पानं पिवळी पडून वाळली, की कंद खणून काढायचे, सावलीत सुकवायचे, एकेक हातात घेऊन दाबून बघायचे, नरम लागला की बाजूला, आणि थंडी पडायच्या आधी पुन्हा सरळ रांगांत पुरायचे. दोरी लावून. ताई हसायची. "तुमची पलटण निघाली का परेडला?" म्हणायची. गल्लीतल्या अर्ध्या घरांत त्यांच्याच कंदांची फुलं आहेत. मोठ्या बाईंचा वाफा तर शेजारीच, कुंपणाला लागून, आणि तोही सगळा ह्यांच्याच पलटणीतला.

आता त्या रेघांचं सांगायला हवं. लाल ट्यूलिपवर कधी कधी अचानक पांढऱ्या रेघा उमटतात. पाकळीच्या बुडापासून वर चढत गेलेल्या, जणू कुणी बारीक कुंचल्यानं ओढल्यात. बघणारा म्हणतो, वा, काय सुंदर! पण तो रोग असतो. कंदालाच लागतो, औषध नाही. कंद दर वर्षी बारीक होत जातो आणि शेवटी संपतो. आणि मावा असतो ना, पानांवर बसणारा हिरवा बारीक किडा, तो ह्या झाडाचा रस पिऊन दुसऱ्यावर बसला की दुसरंही गेलं. म्हणून असं झाड दिसलं की कंदासकट काढायचं आणि जाळायचं. पोल्ट्रीतलाही त्यांचा नियम तोच होता. एका पक्ष्यानं मान टाकली की तो आधी बाहेर. एकदा नुसत्या संशयावरून त्यांनी भरलेलं शेड रिकामं करायला लावलं, तेव्हा मालक त्यांच्या अंगावर धावून गेला होता. भावजी जागचे हलले नाहीत. 

पूर्वीही एकदा असं रेघांचं फूल आलं होतं, ताई चांगली होती तेव्हा. तिनं ते सकाळी पाहिलं, मला फोन करून सांगितलं, आणि फोन ठेवून अंगणात गेली तर तिथं नुसता खड्डा. केवढी चिडली होती! "इतकं देखणं फूल, हात कसे धजले तुमचे?" भावजी म्हणाले, "देखणं नाही ते, आजारी आहे." ताईनं दोन दिवस अबोला धरला. भावजींना तेव्हा ते हसण्यावारी न्यावंसं वाटलं असेल.

ह्या वसंतात फुलं उमलायला लागली आणि वाफ्याच्या मधोमध तसंच एक निघालं. भावजी सकाळी खुरपं घेऊनच बाहेर पडले. मी दारात भाजी निवडत होते. ताई माझ्या मागून आली, अनवाणी, स्वेटर उलटा घातलेला. उन्हं नुकती वाफ्यावर आली होती. रात्रभर मिटलेलं फूल उघडत होतं. भावजी खाली वाकले, आणि ताई म्हणाली,

"अहो! ह्याला नका ना उपटू."

भावजी वाकलेले तसेच राहिले.

आता 'अहो' काय, कुणीही कुणालाही म्हणतं. मी तिकीट खिडकीतून दिवसभर अहो अहोच करायचे. पण बायको नवऱ्याला म्हणते त्या अहोत सगळा संसार असतो. त्यात लाड असतो, कटकट असते, हक्क असतो. माझा नवरा लवकर गेला, मला कुणाला तसं म्हणून जमाना झाला, पण कानाला ते बरोब्बर कळतं. हिवाळाभर ह्या घरात ते ऐकू आलं नव्हतं. भावजींनी खुरपं मातीत टाकलं, गुडघ्यावर हात ठेवून तसेच रडले. ताई तिकडे बघतही नव्हती. तिचे डोळे फुलावर.

"अहो, बघा तरी," ती म्हणाली. "किती छान आहे."

"बघतोय," भावजी म्हणाले. "बघतोय गं."

त्यानंतर रोज तेच. ऊन आलं की फूल उघडायचं, ताई बाहेर यायची, आणि ते पहिल्यांदाच बघितल्यासारखी "अहो, हे कधी आलं?" म्हणायची. थोडा वेळ बोलायची. भावजींनी दाढी नीट केली नाही म्हणून रागवायची. मग ऊन सरकलं, फूल मिटलं, की तीही मिटायची आणि संध्याकाळी मला विचारायची, तो पाहुणा जेवणार आहे का आपल्याकडे. पण भावजी दिवसभर त्या सकाळच्या घटकेवर जगायचे. भांडी घासताना शीळ घालायला लागले. माणसाला आशा लागली की तो किती वेडा दिसतो, ते मी रोज बघत होते.

तर मोठ्या बाई कुंपणावर होत्या.

"हे बघा," त्या म्हणाल्या, आवाज जरा खाली आणून. "मला तुमच्या घरातलं सगळं माहीत आहे. मी दगड नाही. पण माझा वाफा हाताच्या अंतरावर आहे. शाळा सुटली, मुलगा तिकडे दूर, दिवस उगवला की मी ह्या फुलांकडे येते. ह्याच्याशिवाय मला आहे काय?"

"बरोबर आहे तुमचं," भावजी म्हणाले.

"मग?"

तेवढ्यात ताई आलीच. फुलासमोर बसली. "अहो," म्हणाली, "त्या बाईंना एक खुर्ची द्या ना. उभ्या आहेत बिचाऱ्या." भावजी लगबगीनं आत गेले, खुर्ची घेऊन आले, कुंपणावरून पलीकडे दिली. मोठ्या बाईंनी ती घेतली, पण बसल्या नाहीत. ताईकडे बघत राहिल्या. डोळ्यांना पदर लावला आणि मग मला म्हणाल्या, "फूल गळेपर्यंत थांबते मी. त्यांना सांग. पण गळलं की कंद काढायचा." 

मला वाटलं, चला, निभावलं. फूल आठ-दहा दिवसांचं, कुणाचं काही बिघडणार नाही. पण दुपारी जेवताना भावजी म्हणाले, "मी तो कंद काढणार नाही."

"म्हणजे? मोठ्या बाईंना हो म्हणालात ना!"

"मी हो म्हणालो नाही. बरोबर आहे म्हणालो."

"वा रे वा! आणि त्यांचा वाफा?"

"त्याचाच विचार करतोय." त्यांनी घास पुढे-मागे केला. "एक शेड आजारी पडलं की आम्ही काय करायचो, माहितेय? त्याच्या शेजारचं शेड रिकामं करायचो. त्यातले पक्षी ठणठणीत असले तरी. मधे ओसाड जागा पडली की रोग पुढे सरकायला बिचकतो."

"आणि आजारी शेडाचं?"

"ते तर सगळ्यात आधी रिकामं व्हायचं."

"मग?"

"तेवढं ह्या वेळी करायचं नाही."

मला समजायला क्षणभर लागलं. समजलं तेव्हा माझा आवाज चढला. "भावजी, शुद्धीवर आहात का? ती सगळी फुलं? एका आजारी कांद्यासाठी सगळी पलटण?"

"मावा रांगेरांगेनं जातो. मधे रांगाच नसल्या तर त्यांच्या वाफ्यापर्यंत पोचायला त्याला जड जाईल. मी रोज पानं पुसून घेईन. डोळ्यांत तेल घालून बघेन."

"अहो, पण कंद वाटून टाका की कुणाला! गल्लीत कितीजण मागतात."

"ह्यातल्या कुणाला लागण झाली आहे ते पुढल्या वर्षापर्यंत कळत नाही. दुसऱ्याच्या अंगणात रोग पाठवू? जाळावेच लागतील."

"आणि पुढच्या वर्षी हे फूल आलं, आणि ताईला तेही ओळखता आलं नाही, तर?"

नको ते बोलले मी. पण बोलले. भावजी रागावले नाहीत. "तर तेव्हा बघू," म्हणाले. "पुढच्या वर्षी बारीक येईल, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी बारीक. पण येईल. मला एक हाक मिळते गं त्याच्यापायी. तू म्हणशील म्हातारचळ. म्हण."

मी ताट उचलून मोरीत गेले आणि नळ मोठा सोडून ठेवला.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, ऊन नाही. ताई आत झोपून राहिली. भावजींनी तेवढ्यात काम काढलं. आधी त्यांनी सगळी फुलं कापली. कापलेल्या फुलातून रोग जात नाही, म्हणून ती घरात आणायला हरकत नव्हती. मी त्यांना भांडी पुरवत गेले. बादल्या भरल्या, पातेली भरली, दुधाचं भांडं भरलं, छत्र्या ठेवायचा डबा भरला. घर लालभडक झालं. मी ताईला उठवून दाखवायला आणलं. तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली, "कुणाचं लग्न आहे का?" विचारलं आणि पुन्हा जाऊन पडली. 

मग कंद. कुदळ घ्यायला ते तयार नव्हते, रेघांच्या फुलाला धक्का लागेल म्हणून. रांगेत गुडघे टेकून खुरप्यानं एकेक कंद काढत होते. हिरवीगार पानं, भरलेले पांढरे कंद, मुळं अजून माती घट्ट धरून बसलेली. फुलाच्या दिवसांत त्यांनी कधी वाफ्यात पाय ठेवू दिला नव्हता कुणाला. मी मदतीला वाकले तर म्हणाले, "नको. तू ताईजवळ बस." मोठ्या बाई कुंपणाशी आल्या, काय चाललंय ते त्यांना दिसलं, आणि शाळा चालवलेली ती बाई तोंडावर हात ठेवून नुसती उभी राहिली. "शेडवाले, असं म्हणत नव्हते हो मी," एवढंच म्हणाल्या.

"तुमच्यासाठी नाही बाई," भावजी म्हणाले. "माझ्यासाठी."

पत्र्याच्या पिंपात त्यांनी जाळ केला. ओले कंद जळता जळेनात, नुसता धूर. रॉकेल ओतायला लागलं. एकेक टोपली आणून ते पिंपात रिकामी करत होते आणि खोकत होते. मी दारातून बघत होते. शेडं रिकामी करताना हा माणूस असाच दिसत असेल, एवढंच सारखं मनात येत होतं.

दुपार कलली तेव्हा ढग फाटले आणि चांगलं ऊन पडलं. काळ्या मोकळ्या मातीत ते एकटं फूल उभं होतं. हळूहळू उघडलं. आजूबाजूला काहीच नसल्यामुळे ते पूर्वीपेक्षा लहान वाटत होतं. भावजी त्याच्या बाजूला उभे राहिले. सदरा काढून कुंपणावर टाकलेला, बनियन घामानं आणि काजळीनं काळं झालेलं, हात कोपरापर्यंत चिखलात. मी म्हटलं, "हातपाय धुऊन घ्या, मी तिला आणते." ते हलले नाहीत. शाळेत बक्षिसासाठी नाव पुकारायची वाट बघणाऱ्या पोरासारखे उभे होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

मी ताईला बाहेर आणलं. पायरीवर बसवलं. तिनं फुलाकडे बघितलं. मी श्वास रोखून धरला होता, खोटं कशाला सांगू. बघितलं, बराच वेळ बघितलं. मग तिची नजर त्या उघड्या मातीवर गेली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली, पुन्हा फुलावर आली. तिचा चेहरा कोराच. वाफाच ओळखीचा उरला नव्हता की काय, देव जाणे. तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं. हळू बोलतेय असं तिला वाटत होतं, पण सगळं ऐकू जात होतं.

"तो माणूस सकाळपासून राबतोय ना गं?"

"हो ताई."

"कष्टाळू आहे. नाहीतर हल्ली कोण करतं इतकं." तिनं स्वेटर सारखा केला. "पण आता जाऊ दे त्याला. त्याच्या घरी बायको वाट बघत असेल."

मी भावजींकडे बघितलं आणि मनात म्हटलं, आता होणार, आता हे पुढे येणार आणि "अगं, मी!" सुरू होणार, आणि ही घाबरणार. ते एक पाऊल पुढे आलेही. ताईकडे बघत राहिले. मग त्यांनी चिखलाचे हात मागे घेतले.

"हो बाई," ते म्हणाले. "निघतोच आता."

ताई प्रसन्न हसली. "बायकोला सांगा, आमच्याकडे उशीर झाला म्हणून. रागवायची नाही."

"नाही रागवायची. स्वभावानं चांगली आहे."

"असं? मग भाग्यवान आहात."

"आहे खरा," भावजी म्हणाले.

कुंपणावरचा सदरा त्यांनी अंगात घातला. चिखल लागत होता तरी सगळी बटणं लावली, गळ्यापर्यंतची. ताईला मान लववली आणि फाटक उघडून बाहेर पडले. मी आतून बघत होते. ते कोपऱ्यापर्यंत चालत गेले, तिथल्या भिंतीला टेकून उभे राहिले, आणि घरी यायला हरकत नाही अशी वेळ होईपर्यंत रस्त्याकडे बघत राहिले.